कोर्लईची मागली बाजू

आमच्या घरातली चूल एका जागी राहत नसे. सणसरच्या शिवारात, पाटाच्या कडेला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं, त्यात सिमेंटचा ओटा घातला, ओट्यावर नवाकोरा रॉकेलचा स्टोव्ह ठेवला आणि सगळ्या भावकीला बोलावून तो दाखवला. पाहुणे गेल्यावर आईनं त्या ओट्यावर कांदे पसरले. तिची चूल म्हणजे तीन धोंडे. ते आज मागच्या भिंतीला, आठ दिवसांनी पुढच्या अंगणात, पंधरा दिवसांनी लिंबाखाली. शाळेतून आलं की आधी धूर कुठून येतोय ते बघायचं आणि मग जेवायला तिकडं जायचं, अशी मला आणि थोरल्या भावाला सवयच लागली होती. आप्पा चिडत. "अगं, घर बांधलंय का तळ टाकलाय?" म्हणत. आई धोंडे उचलता उचलता सांगे, "वारं फिरलं की चूल फिरती. तुमाला ठावं न्हाय व्हय?" त्यांना चांगलंच ठावं होतं. म्हणून तर ते जास्त चिडत.

आमची धनगराची जात. आज्ज्या-पणज्यांपासून आप्पांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरले. दिवाळी झाली की वाडा निघे. वाडा म्हणजे आमच्यात घर नव्हे. पाच-सात बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घोड्याच्या पाठीवर बांधलेली तान्ही पोरं, हा सगळा चालता संसार म्हणजे वाडा. घाट उतरून कोकणात जायचं, भात निघालेल्या खाचरांत रातच्याला मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला मिळायचं आणि भात आपल्याला. मिरगाच्या आत, पाऊस लागायच्या आधी, परत देशावर. मी चालायला शिकले ती अशाच एका वाटेवर, असं आई सांगायची. मी दहा-अकरा वर्षांची असताना आप्पांनी ठरवलं की बास झालं. पोरं शिकली पाहिजेत. मेंढरं विकून त्यांनी पाटाखालच्या रानात ऊस लावला आणि हंगामापुरते भवानीनगरला कारखान्यात कामाला जाऊ लागले. आईच्या माहेरची वीस मेंढरं तेवढी तिनं विकू दिली नाहीत. ती तिच्या भावाच्या, धोंडीमामाच्या, कळपात सोडली. मामा अजून फिरत होता.

त्या घरातले हिवाळे मला आवाजानं आठवतात. कारखान्याचा भोंगा झाला की आप्पा डबा उचलत. दुसरा भोंगा झाला की ते परत यायची वेळ. मध्ये उसाच्या बैलगाड्यांची करकर, ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली गाणी, आणि वारं फिरलं की मळीचा तो गोड-आंबूस वास, जो अंथरुणात, पिठात, केसांत बसे. आईला तो वास सोसत नसे. ती थंडीतसुद्धा घोंगडं घेऊन ओसरीच्या कडेला निजायची. दिवसा हाताला काम नसलं की पाटाच्या कडेनं चालत सुटायची, पार कळस गावाच्या अंगाला जाऊन यायची. "काय काम होतं?" म्हणून विचारलं तर म्हणे, "काय न्हाय. पाय वळवून आले." दिवाळीनंतर रस्त्यानं वाडे जायला लागले की तिचं काही खरं नसे. घोड्याच्या गळ्यातली घंटी लांबून ऐकली की ती हातातली भाकरी तव्यावर टाकून रस्त्याला जाई. आम्ही करपलेली भाकरी उलटायची आणि तिची वाट बघायची. मैल-दोन मैल ती वाड्याबरोबर जाई, कुणाच्या तरी पोराला कडेवर घेऊन. परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलत नसे.

हे मी आज इतक्या समजुतीनं लिहितेय. तेव्हा मला तिची लाज वाटायची. मी बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, एस.टी.चा पास होता, दोन पंजाबी ड्रेस होते. मैत्रिणी घरी आल्या की आईनं निदान ओट्यावर चहा करावा एवढीच माझी अपेक्षा असे, आणि ती नेमकी लिंबाखाली फुंकणी घेऊन बसलेली. माझाही जीव त्या घरात रमत नव्हताच. मला पुण्याला जायचं होतं, मुंबईला जायचं होतं, खरं तर कुठंही जायचं होतं. खिडकीपाशी अभ्यासाला बसले की पाय हलत राहायचे. "पाय हालवू नगं, दळिद्र येतं," असं आप्पा म्हणत. ते माझ्याकडं बघून म्हणत आणि नजर मात्र आईकडं असे.

आम्हाला इतिहास शिकवायला फडतरे सर होते. किडकिडीत, कायम घाईत, खिशात खडूचे तुकडे. त्यांनी प्रत्येकाला एका किल्ल्यावर टिपण लिहायला सांगितलं. वर्गातल्या सगळ्यांनी डोंगरी किल्ले वाटून घेतले. मी उशिरा पोचले, तोवर नावाजलेलं काही उरलं नव्हतं. घरी येऊन कुरकुर केली तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पाण्यातला एक किल्ला हाय की. मेंढरं चारलीत म्या त्याच्यावर."

माझ्या आठवणीत आमचा वाडा घाटाच्या पायथ्यालाच थांबे, समुद्रापर्यंत कधी गेला नव्हता. मला वाटलं, फेकतेय. पण ती सांगत गेली. समुद्रात घुसलेली डोंगराची लांब सोंड. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. वर दरवाज्यामागून दरवाजे, पडकं देऊळ, पण आपल्या देवाचं नव्हे. जागोजाग तोफा पडलेल्या; त्यांच्यावर ती ओली लुगडी वाळत घालायची. आणि चहूबाजूनं खारं पाणी असताना वर टाक्यात गोड पाणी. खालच्या गावातल्या लोकांची बोली न्यारी, कुणालाच न कळणारी. नाव मात्र तिला माहीत नव्हतं. वाड्यातली माणसं त्याला 'फिरंग्याचा माळ' म्हणत.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अगं, ही कोर्लई आहे. तुझी आई कोर्लईवर राहिलीय?" आणि माझ्या टिपणापेक्षा त्यांनाच जास्त घाई झाली. वर्गाची सहल तिकडंच न्यायची असं त्यांनी ठरवून टाकलं. आम्ही मुली सहाजणी. सोबतीला ज्या मॅडम येणार होत्या त्यांचा पाय मुरगळला. बाईमाणूस बरोबर नसेल तर मुलींना नेता येणार नाही, असं प्राचार्यांनी सांगितलं. तेव्हा मीच हुशारी केली. म्हणाले, "सर, माझी आई येईल. तिला वाट माहितीय."

पौष महिना होता. पौषात वाडे कोकणात असतात, हे धनगराच्या तान्ह्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. मी शिकलेली होते ना.

आप्पा आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "बसनं चालल्यात, बसनं येतील. दोन दिसाचा तर सवाल हाय." त्या आठवड्यात आईनं घर धरलं ते सोडलंच नाही. पोतंभर जोंधळे निवडून ठेवले. शेंगदाण्याची चटणी कुटून मोठा डबा भरला. फाटकी वाकळ शिवली. निघायच्या आदल्या दिवशी कांदे उतरवून ओटा धुतला, स्टोव्हची वात बदलली, आणि अंगणातले तीन धोंडे उचलून परसात भिंतीला लावून ठेवले. आप्पांना केवढा आनंद झाला. संध्याकाळी ते ओट्याला हात लावून बघत होते. मलाही वाटलं, चला, सुधारली एकदाची.

'प्रासंगिक करार' अशी पाटी लावलेली एस.टी. बारामतीच्या स्टँडवरून सुटली तेव्हा आईचं गाठोडं मी उचलून वर टाकलं. जड होतं. "दोन दिवसांना एवढं काय घेतलंस?" म्हणून मी करवादले. "थंडी असती," ती म्हणाली. कोकणात कसली आलीय थंडी. मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. आई खिडकीला नाक लावून बसली होती आणि घाट लागला तशी सरळ झाली. प्रत्येक वळणावर मान वळवून खाली बघत होती. "हितनं उतारतो आमी," एवढंच एकदा म्हणाली, तेही मला नव्हे, काचेला.

रात्री अलिबागेत एका शाळेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्लईला पोचलो. गड चढून वर गेल्यावर मी पहिल्यांदा धड समुद्र बघितला. एवढी मोकळी जागा मी कधी बघितली नव्हती. सरांनी आम्हाला एका बुरुजापाशी गोळा केलं आणि हात पसरून सांगायला लागले. आधी इथं नगरच्या निजामशहानं बांधकाम काढलं. समोर, खाडीच्या पलीकडं, रेवदंड्याला फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, वस्ती होती. डोंगर दुसऱ्याच्या हातात राहिला तर आपलं बंदर गेलं, हे त्यांनी ओळखलं आणि लढून हा डोंगर घेतला. मग या काठाला तोफा, त्या काठाला तोफा. मधून जाणाऱ्या गलबतानं विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. पुढं मराठ्यांनी घेतला, त्यानंतर इंग्रज आले. हळूहळू बंदर गाळानं भरलं, मोठी गलबतं यायची थांबली. "राखायला काही उरलंच नाही," सर म्हणाले, "तरी तटबंदी उभीच आहे." मी भराभर वहीत उतरवून घेत होते.

आई बुरुजाकडं पाठ करून उभी होती. आम्ही सगळे समुद्राकडं बघत होतो आणि ती एकटी जमिनीकडं. खाली गावाच्या मागं भाताची खाचरं होती, वाळून पिवळी पडलेली.

"मास्तर," ती म्हणाली, "एक इचारू? ह्या तोफावाल्यांना जेवाण कुठनं येत हुतं?"

सर थबकले. "म्हणजे, असेल, गावातून येत असेल."

"मंग मागली वाट कुणी राखली?"

मुलं हसली. सर हसले नाहीत. ते वहीत काहीतरी लिहू लागले. तेवढ्यात आईनं खाचरांकडं बोट केलं. तिकडं दोन-तीन तपकिरी ठिपके दिसत होते. "खडक आहेत," एक मुलगा म्हणाला. आईनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि एक हाळी दिली. लांबलचक, शेवटी वर जाणारी. सहा-सात वर्षांत ती हाळी मी ऐकली नव्हती, पण लगेच ओळखली. खडक हलले. पाठोपाठ खालून, वाऱ्यावर मोडत मोडत, तशीच हाळी परत आली.

मी भानावर येईतो आई तटाच्या मागच्या खिंडारातून उतरायला लागली होती. तिथं वाट नव्हती. होती ती मेंढरांची वाट. गवतात वीतभर रुंद, नागमोडी. सरांनी मला तिच्या मागं पाठवलं. चपला हातात घेऊन मी घसरत, बसत, काटे बोचवून घेत खाली पोचले तेव्हा ती धोंडीमामाच्या तळावर मेंढरांत बसलेली होती. मेंढरं तिचा पदर हुंगत होती. मामी हसत होती आणि डोळे पुसत होती. मामानं मला बकरीच्या दुधाचा चहा दिला, तीन धोंड्यांवर केलेला, धुरकट. तो मी एका दमात प्याले. खोटं कशाला सांगू, इतका चांगला चहा त्यानंतर प्यालेली नाही.

"चल आये," मी म्हणाले. "गाडी सुटंल."

"तू जा," ती म्हणाली. "मी मिरगाच्या आत येती."

आधी मला कळलंच नाही. मग ते जड गाठोडं आठवलं. निवडलेले जोंधळे, चटणीचा डबा, धुतलेला ओटा. गाठोडं सकाळीच तिनं गाडीतून उतरवून गावाच्या कडेला ठेवलं होतं, ते मामाच्या पोरानं आणलंसुद्धा. मला भयंकर राग आला. त्या वेळी मला आईची फिकीर नव्हती, माझीच होती. आई घरात नाही म्हणजे स्वयंपाक, पाणी, धुणं, आप्पांचा डबा, सगळं माझ्यावर. भाऊ पुण्याला कंपनीत लागलेला. कॉलेज बंद. एकदा घरी बसले की भावकी स्थळं आणायला मोकळी. परीक्षा तोंडावर आली होती. हे सगळं मी तिला ओरडून सांगितलं, मामा-मामीसमोर. "तुला मेंढरं प्यारी, मी न्हाय," असंही बोलले.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "संगे, सा वरसं म्या त्या घराची राखण केली. दाराला बसून ऱ्हायली. तू सकाळच्या गाडीनं जातीस, तुजा बा भोंग्यावर जातो, थोरला गेलाच. आता कोण येतंय लुटायला, सांग? कुणासाठी बसू?" थोडं थांबून म्हणाली, "तुजं कालेज मी न्हाय थांबवत. तू थांबवशील तर थांबंल."

"आप्पांस्नी काय सांगू?"

"हाय ते सांग. ते बी हितं ऱ्हायल्यात."

सर धापा टाकत आले. सहा मुलींच्या सोबतीला आणलेली बाई मागं सोडून गाडी कशी न्यायची, वडलांना काय तोंड दाखवायचं, असं बरंच बोलले. आईनं त्यांना घोंगड्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "मास्तर, सा पोरी हायत्या. येकमेकीला राखत्यात. तुमी बिनघोर जावा." सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले असते, "सर, तिला घेऊन चला," तर त्यांनी हट्ट धरला असता, मामानंही समजूत घातली असती आणि ती कदाचित आली असती. मी तोंड उघडलं. आई एका व्यालेल्या मेंढीच्या कोकराला पुसत होती आणि तिचे पाय स्थिर होते. घरात भाकरी थापतानासुद्धा ते स्थिर नसत. मी तोंड मिटलं आणि चालायला लागले. मोठेपणानं नाही. रडू येईल म्हणून.

परतीची गाडी रात्रभर चालली. बारामतीहून सणसरला पोचेतो दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. आप्पांची दुसरी पाळी होती. ते अंघोळ करून दारात उभे होते. माझ्यामागं रस्त्याकडं त्यांनी दोनदा बघितलं. मी सगळं सांगून टाकलं, एका श्वासात, मान खाली घालून. आता भांडं भिरकावतील, लगेच मामाकडं निघतील, मला बोल लावतील, असं वाटत होतं. ते उंबऱ्यावर बसले.

मग म्हणाले, "तळ कोणच्या अंगाला हाय?"

"मागल्या."

"गावाच्या वरल्या खाचरात?"

"व्हय."

"टाक्याचं पाणी प्यालीस का?"

मी नाही म्हणाले. त्यांना वाईट वाटलं. "प्यायाचं हुतंस. गोड हाय लई," म्हणाले आणि उठून आत गेले. थोड्या वेळानं पिठाचा डबा वाजला. मी आत गेले तर ते ओट्यापाशी उभं राहून परातीत पीठ मळत होते. मी परात ओढायला गेले तर हात झटकला. "मेंढरामागं असताना कोण करून घालत हुतं मला? तू तुजं बघ. उद्याची गाडी चुकवू नगं." पण उभ्यानं त्यांना भाकरी जमेना. एक मोडली, दुसरी स्टोव्हवर मधोमध जळली. त्यांनी स्टोव्हला एक सणसणीत शिवी दिली, परसात गेले आणि भिंतीला लावलेले तीन धोंडे एकेक करून लिंबाखाली आणले. बोट ओलं करून वारं बघितलं. मग चूल मांडली. त्या भाकरी कडेला बोटभर जाड झाल्या. आम्ही दोघांनी चटणीबरोबर खाल्ल्या आणि ते भोंग्यावर गेले.

त्यानंतर पाच महिने आप्पांनी भाकरी केल्या. भावकीत हसं झालं. एक चुलते आले आणि म्हणाले, "बायकू पळाली व्हय तुजी?" आप्पा म्हणाले, "पळती कशाला, चालत गेलीया." मी कधी मदत केली, कधी फुगून बसले. आईवरचा राग परीक्षेपर्यंत पुरला, त्यापुढंही थोडा उरला. खरं सांगायचं तर तो माझ्या लेकी शिकायला परगावी गेल्यावर गेला, तेव्हा मी रिकाम्या घरात आठ दिवसांत तीनदा कपाट हलवलं होतं. कोर्लईला मी पुढं शाळेची मुलं घेऊन कितीदा तरी गेले. फडतरे सर समोरून दाखवायचे तसा तो किल्ला दाखवते, निजामशहा, फिरंगी, मराठे, इंग्रज, सगळं सांगते. मग मुलांना तटाच्या मागच्या खिंडाराशी नेते आणि विचारते, जेवण कुठून येत होतं?

मिरग चार दिवसांवर असताना रस्त्याला घंटी वाजली. आप्पा चुलीपुढं बसले होते. ते उठले नाहीत, पण तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली नाही. आई उन्हानं काळी पडली होती, काखेत कोकरू होतं. तिनं आधी घराकडं बघितलं, मग लिंबाकडं. धोंडे काजळीनं पार काळे झाले होते.

"चूल भाईर कुणी मांडली?"

"वारं फिरलं हुतं," आप्पा म्हणाले.

आईनं कोकरू माझ्या हातात दिलं. आप्पांच्या शेजारी बसली, जळकी भाकरी उलटली, एक धोंडा बोटभर सरकवला आणि फुंकणीसाठी हात पुढं केला.